घडी घातलेली चिठ्ठी

हडपसर गाडीतळाला दवाखाना, अकरा पायऱ्या वर.
खाली ओसवालांचं मेडिकल.
पेशंट रिकाम्या हाताने जिना उतरला
की ते वर बघतात,
आज पुन्हा काही लिहिलं नाही वाटतं.

विहंग. साडेतीन वर्षं. वजन चौदा किलो.
आईच्या मांडीवर, तळहात कानावर घट्ट,
आतलं कुणी बाहेर पडू नये म्हणून
दार लावून धरल्यासारखा.
रात्रभर रडला, ती सांगते.
मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे करतो.
तिला वाटतं, डॉक्टर किती मन लावून ऐकतात.

दुर्बिणीत पडदा दिसतो,
जास्वंदीची पाकळी उन्हापुढे धरावी तसा.
लाल आहे. फुगलेला नाही.
ताप शंभर, नाक वाहतंय, छाती साफ.

"काहीतरी स्ट्राँग द्या," बाप दारातूनच.
रात्रपाळी करून आलाय, ओळखपत्र अजून गळ्यात.
"मागे मांजरीच्या डॉक्टरांनी तीन दिवसांची दिलेली.
दुसऱ्या दिवशी पळत होता."
मांजरीचा डॉक्टर!
विहंग रडता रडता खुदकन हसतो,
मांजर म्हणून दाखवतो.
मांजरी गाव आहे रे, आई म्हणते.
हसलेलं मूल, माझ्या लेखी अर्धी तपासणी झाली.

पळाला असता तो त्या औषधावाचूनही.
हे वाक्य मी बावीस वर्षं गिळत आलोय,
दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

टेबलावर पेन आहे, कंपनीने दिलेलं,
त्यावर त्याच तीन दिवसांच्या औषधाचं नाव.
लिहायला फार हलकं पेन.

गेल्या महिन्यात कुदळे मास्तरांच्या थुंकीचा रिपोर्ट आला.
डाव्या रकान्यात औषधांची नावं,
उजव्या रकान्यात एकच अक्षर, खालपर्यंत,
आर, आर, आर,
शाळेत पाटीवर गिरवायला दिल्यासारखं.
दर सर्दीला ते स्वतःच दुकानातून घ्यायचे.
"तुम्हाला कशाला त्रास," म्हणायचे.

आणि हा माझा डावा कान.
यवतला, सातव्या वर्षी, वाहायचा.
लसूण टाकून कढवलेलं तेल, वर कापसाचा बोळा.
मंद आचेवर दूध आटावं
तसा आवाज आटत गेला.
एक बाटली मिळाली असती वेळेवर,
साधी, गुलाबी, हलवून घ्यायची.
ऐकू न येणारा कानच
अशा वेळी जास्त बोलतो.

शेवटी दोन चिठ्ठ्या.
एकीवर तापाचं, दुखण्याचं औषध, आजपासून.
दुसरीवर जुनं, स्वस्त अमॉक्सिसिलिन,
चौदा किलोंचा हिशेब दोनदा करून.
तिची घडी घालतो. आईच्या हातात देतो.
शुक्रवारपर्यंत उघडायची नाही.
उतार पडला नाही तरच खाली जायचं,
उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत,
आणि मग बरं वाटलं तरी कोर्स सोडायचा नाही.
कान वाहिला, पोर मलूल पडलं,
तर मात्र थेट इथे. रात्र असली तरी.

ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते,
जिथे बायका पैसे ठेवतात.

"म्हणजे औषध असं काही दिलंच नाही," बाप म्हणतो.
"मग दोनशे कशाचे?"
मला उत्तर येतं. देता येत नाही.
तो नोटा टेबलावर ठेवतो,
उगाच हाताने सरळ करतो,
पोराला खांद्यावर घेतो.
जिन्यातून थोडा वेळ म्याँव ऐकू येतं.

शुक्रवार गेला. शनिवारही.
फोन नाही.
बरा झाला असेल.
किंवा त्याच संध्याकाळी मांजरीला नेला असेल.
किंवा घडी जिन्यातच उलगडली असेल.
ओसवालांना विचारता येईल,
रोज त्यांच्यासमोरूनच जातो.

रात्री दहाला ते शटर ओढताना
काहीतरी म्हणतात. डाव्या बाजूने.
मी मान हलवतो,
स्कूटर सुरू करतो.